अमोनिया गेला म्हणजे नायट्रोजन गेला असं नाही: नायट्रिफिकेशन आणि डीनायट्रिफिकेशन

मुंबईत नवीन टॉवर म्हटला की बेसमेंटला एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) आलाच, आणि कमिटीत लॅब रिपोर्ट आला की सगळे अमोनियाचा आकडा बघतात, कमी दिसला की "नायट्रोजन निघाला ना, झालं" म्हणून पुढचा विषय. पण यात दोन कामं आहेत, दोन्हीचे बॅक्टेरिया वेगळे, आणि एकाला जे लागतं तेच दुसऱ्याला चालत नाही.

पहिलं नायट्रिफिकेशन, ते होतं ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारं यंत्र, चालू असताना. नायट्रोसोमोनाससारखे बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट करतात, मग नायट्रोबॅक्टर, नायट्रोस्पायरा वगैरे त्याचं नायट्रेट करतात. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनला साधारण ४.६ ग्रॅम ऑक्सिजन लागतो, वर अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल सोसायची ताकद) पण खर्च होते, म्हणून पीएच घसरायला लागला तर आधी इथे बघायचं. हे बॅक्टेरिया वाढतातही सावकाश, कोणी घाईत जास्त स्लज (बॅक्टेरिया असलेला गाळ) काढला तर परत जम बसायला वेळ जातो. मासे वाचायला हे काम हवंच, कारण अमोनिया त्यांना विषारी, पण नायट्रोजन अजून पाण्यातच आहे, फक्त रूप बदललंय, आणि ते पाणी नाल्यातून खाडीत गेलं की शेवाळाला खत मिळतं.

पाण्यातून खरंच बाहेर काढतं ते डीनायट्रिफिकेशन. इथे विरघळलेला ऑक्सिजन जवळपास शून्य हवा, मग बॅक्टेरिया श्वासाला नायट्रेट वापरतात आणि नायट्रोजन वायू होऊन हवेत जातो, हवेत तो ७८ टक्के आहेच. त्यांना खायला कार्बन लागतो, तो कच्च्या सांडपाण्यात भरपूर, म्हणून एरेशन टँकमधलं (जिथे हवा सोडतात) नायट्रेटवालं पाणी पंपाने परत सुरुवातीच्या अनॉक्सिक, म्हणजे हवा न सोडलेल्या, टँकमध्ये आणतात. तो पंप बंद असेल तर टँक असून उपयोग नाही. कधीकधी सेटलिंग टँकमध्ये खाली बसलेला स्लज तपकिरी गोळ्यांसारखा वर येतो, काठीने हलवला की बारीक बुडबुडे सुटतात आणि तो परत खाली जातो. बहुतेक वेळा ते डीनायट्रिफिकेशनच असतं, चुकीच्या जागी झालेलं.

आता खरा घोळ. ऑक्सिजन नकोय ना, मग ब्लोअरच बंद ठेवू, वीजही वाचेल, असं बरेच जण म्हणतात. नायट्रेट शिल्लक आहे तोवर ठीक, पण ते संपलं की सल्फेटवर जगणारे बॅक्टेरिया जोर धरतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, सडक्या अंड्याचा वास. हा वायू हवेपेक्षा जड, बेसमेंटमध्ये खाली साचतो, प्रमाण वाढलं की नाकाला वास येणंच बंद होतं, म्हणून वास गेला समजून कोणालाही टाकीत उतरवू नका, प्लीज. समुद्राच्या पाण्यात लिटरला जवळपास २.७ ग्रॅम सल्फेट असतं, त्यामुळे खाडीलगत लाइनमध्ये खारं पाणी झिरपत असेल तर हा त्रास जास्त.

पण हेच सल्फाइड कामालाही लावता येतं. थायोबॅसिलस डीनायट्रिफिकन्स हा बॅक्टेरिया कार्बनऐवजी सल्फाइड घेतो आणि नायट्रेट काढतो, दोन्ही प्रदूषक एकदम, सल्फाइडचं परत सल्फेट. हाँगकाँगमध्ये टॉयलेट फ्लशला समुद्राचं पाणी वापरतात, तिथे याच तत्त्वावर 'सानी' नावाची पद्धत तयार झाली.

तुमच्या रिपोर्टमध्ये नायट्रेट आणि टोटल नायट्रोजन पण मागून घ्या. अमोनिया कमी आणि नायट्रेट भरपूर असेल तर पहिलंच काम झालंय, नायट्रेटवालं पाणी परत आणणारा पंप तपासा. अमोनियाच जास्त असेल तर आधी ब्लोअर आणि डिफ्युझर (ज्यांतून पाण्यात हवेचे बुडबुडे सुटतात) तपासा.