यू-505 : पकडली गेली म्हणून वाचलेली पाणबुडी

शिकागोच्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात जमिनीखालच्या दालनात एक अख्खी जर्मन पाणबुडी ठेवलेली आहे. लांबी सुमारे 76 मीटर, नाव यू-505. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने भर समुद्रात पकडलेली शत्रूची युद्धनौका, एवढीच तिची ओळख बहुतेकांना असते. पकडली गेली तेव्हा तिच्या सेवेला जवळपास तीन वर्षे झाली होती, आणि त्यातला बराचसा काळ संकटांचाच होता.

हॅम्बुर्गच्या डॉइचे वेर्फ्ट गोदीत बांधलेली ही लांब पल्ल्याची पाणबुडी 26 ऑगस्ट 1941 रोजी नौदलात दाखल झाली. पहिला कप्तान अ‍ॅक्सेल-ओलाफ ल्योवे. त्याच्या हाताखाली तिने आधी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ चार जहाजे बुडवली, मग कॅरिबियन समुद्रात आणखी तीन. आजारपणामुळे ल्योवेला उतरावे लागले आणि सप्टेंबर 1942 मध्ये पेटर चेख कप्तान झाला.

इथून दिवस फिरले. नोव्हेंबरमध्ये चेखने एक जहाज बुडवले. ते पाणबुडीचे आठवे आणि शेवटचे. त्यानंतर तीनच दिवसांनी त्रिनिदादजवळ ब्रिटिश हडसन विमानाने इतक्या खालून बॉम्ब टाकले की स्फोटात विमान स्वतःही कोसळले. पाणबुडीचे डेक फाटले, पण ती फ्रान्समधल्या लोरियां तळापर्यंत कशीबशी परतली. दुरुस्तीला सहा महिने लागले. त्यानंतर मोहिमेवर निघावे आणि काही दिवसांत बिघाड होऊन परत यावे, असे वारंवार घडले. गोदीतले फ्रेंच कामगार मुद्दाम वेल्डिंग कच्चे ठेवत, टाक्यांना बारीक भोके पाडत. शत्रूच्या ताब्यातल्या गोदीत राबणाऱ्या माणसांनी जिवावर उदार होऊन केलेला हा प्रतिकार होता. यू-505 च्या इतिहासात त्यांना मानाची जागा मिळायला हवी असे मला मनापासून वाटते.

24 ऑक्टोबर 1943 रोजी अटलांटिकमध्ये डेप्थ चार्जचा (पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बचा) मारा चालू असतानाच चेखने स्वतःवर गोळी झाडली. पहिला अधिकारी पाउल मेयरने मारा संपेपर्यंत धीर धरला आणि पाणबुडी परत आणली. पुढचा कप्तान हाराल्ड लांगे वयाने मोठा आणि शांत स्वभावाचा होता. डिसेंबरमध्ये त्याने बिस्केच्या उपसागरात बुडालेल्या टी-25 या जर्मन टॉर्पेडो बोटीच्या खलाशांना वाचवले.

मार्च 1944 मध्ये यू-505 फ्रान्समधल्या ब्रेस्टहून आफ्रिकेकडे निघाली. समोर होते अमेरिकी कॅप्टन डॅनियल गॅलरी. त्यांच्या ताफ्यात 'ग्वादलकॅनाल' ही लहान विमानवाहू नौका आणि पाच संरक्षक विनाशिका होत्या. एप्रिलमध्ये याच ताफ्याने यू-515 बुडवली होती. ती बुडण्याआधी पृष्ठभागावर आलेली पाहून गॅलरींनी ठरवले की पुढची पाणबुडी बुडवायची नाही, तिच्यावर चढायचे. त्यासाठी तुकड्या आधीच तयार केल्या.

4 जूनला ताफ्यातल्या 'शॅटलेन' या विनाशिकेच्या सोनारने, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचा वेध घेणाऱ्या यंत्राने, यू-505 हेरली. विमानांनी पाण्यात गोळ्या झाडून तिची जागा दाखवली आणि पहिल्या हल्ल्यानंतर अवघ्या साडेसहा मिनिटांत ती वर आली. सुकाणू अडकलेले, लांगे जखमी. खलाशांनी पाणी आत सोडून उड्या टाकल्या, पण इंजिन चालूच राहिले आणि पाणबुडी गोल गोल फिरत राहिली. 'पिल्सबरी' या दुसऱ्या विनाशिकेवरून लेफ्टनंट अल्बर्ट डेव्हिड आणि त्यांची तुकडी बोटीतून तिच्यामागे गेली. आत कोण लपले असेल, कुठे स्फोटके पेरली असतील, काहीच ठाऊक नसताना ही माणसे बुडत्या पाणबुडीत उतरली. झेनॉन लुकोसियस यांना पाणी घुसत होते ते छिद्र दिसले. जवळच पडलेले झाकण त्यांनी परत बसवले. डेव्हिड यांना मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक जाहीर झाले, पण ते हाती पडण्याआधीच सप्टेंबर 1945 मध्ये त्यांचे निधन झाले.

जर्मन संदेश सांकेतिक भाषेत बदलणारी एनिग्मा यंत्रे आणि संकेतांची कागदपत्रे हाती लागली. एनिग्मा मिळवण्याचा हा पहिला प्रसंग मात्र नव्हता. ब्रिटिशांनी 1941 मध्येच यू-110 वरून ते मिळवले होते आणि दोस्त राष्ट्रे जर्मन नौदलाचे संदेश वाचतही होती. म्हणूनच अमेरिकी नौदलाचे प्रमुख अ‍ॅडमिरल किंग संतापले. जर्मनांना सुगावा लागून त्यांनी संकेत बदलले असते, तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीवर दोस्त सैन्य उतरण्याच्या तोंडावर सारी मेहनत वाया गेली असती. गॅलरींवर लष्करी खटला भरण्याचा विचारही झाला. अखेर पाणबुडी ओढत बर्म्युडाला नेली आणि ताफ्यातल्या सुमारे 3,000 जणांकडून मौनाची शपथ घेतली.

ती शपथ साऱ्यांनी पाळली. पण गुप्ततेची किंमत बंदिवानांच्या घरच्यांनीही मोजली. एक जर्मन खलाशी मारला गेला होता, 58 जण जिवंत होते. त्यांना लुइझियानातल्या छावणीत इतर कैद्यांपासून वेगळे ठेवले आणि रेडक्रॉसला कळवले नाही. घरी समज झाला की सगळे बुडाले. लष्करी गरज समजते, तरीही युद्ध संपेपर्यंत त्या घरांना सत्य कळू दिले नाही, हे मनाला पटत नाही.

युद्धानंतर पाणबुडी अमेरिकेतल्या पोर्ट्समथच्या नौदल गोदीत गंजत पडली. नेमबाजीच्या सरावात तिला बुडवायचे ठरले होते. गॅलरी मूळचे शिकागोचे. त्यांचे धर्मगुरू भाऊ जॉन यांनी संग्रहालयाशी बोलणे केले. शहरातल्या लोकांनी अडीच लाख डॉलर जमवले आणि 1954 मध्ये पाणबुडी सेंट लॉरेन्स नदीतून, महासरोवरांमधून ओढत आणली. किनाऱ्यावरचा हमरस्ता रात्री बंद करून तिला पलीकडे नेले. आतले कितीतरी सुटे भाग गायब होते. ते मूळच्या जर्मन कंपन्यांनीच पुरवले. पुढे पन्नास वर्षे ती उघड्यावर, शिकागोच्या हिमवर्षावात राहिली. गंज वाढत गेल्याने 2004 मध्ये तिला भूमिगत दालनात हलवले आणि 2005 मध्ये ते दालन लोकांसाठी खुले झाले.