क्लच वायर तुटली? तात्पुरती जोडा, पण लिव्हर ढिली ठेवा

रस्त्यात बाईकची क्लच वायर तुटली की आम्हाला फोन येतो आणि प्रश्न ठरलेला असतो, काहीतरी करून गाडी गॅरेजपर्यंत आणता येईल का. येते, बहुतेक वेळा येते. कसं ते या कागदावर लिहिलंय, म्हणजे एका हातात मोबाईल आणि दुसऱ्या हातात पक्कड धरून आमचं ऐकत बसायला नको. पण कागद काढायचं खरं कारण वेगळं आहे. वायर तुटल्याने गाडीचं काही बिघडत नाही, ती चुकीची जोडल्याने बिघडतं, आणि मग वायर बदलायला आलेली गाडी क्लच प्लेटा बदलून जाते आणि बिल बघून तुम्ही आमच्याकडे संशयाने बघता.

आधी वायर कुठे तुटलीय ते बघा. बहुतेक वेळा ती हँडलच्या लिव्हरजवळच तुटते, टोकाला जी धातूची गोळी असते म्हणजे निपल, तिच्या अगदी मानेपाशी. तसं असेल तर तुमचं नशीब बरं आहे, पुढचं सगळं त्यासाठीच आहे. वायर मधेच आऊटरच्या, म्हणजे तारेवरच्या बाहेरच्या नळीच्या आत तुटली असेल किंवा खाली इंजिनच्या बाजूला तुटली असेल तर रस्त्यावर जोडायच्या भानगडीत पडू नका, सरळ बिनक्लच गाडी कशी आणायची ते खाली लिहिलंय तिकडे जा. आणि तारेला गाठ मारून जोडायचा प्रयत्न तर अजिबात नको, स्टीलच्या तारेची गाठ ताण आला की सरकते, आणि नाही सरकली तरी ती गाठ आऊटरमध्ये शिरणार कुठून?

जोडायला लागतं काय तर एक स्क्रूवाली निपल, पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर. स्क्रूवाली निपल नसेल तर घरातल्या वायरिंगचा जो प्लास्टिकचा कनेक्टर असतो त्याच्या आतला पितळी तुकडा काढून घ्या, दोन स्क्रूवाला, तोही चालतो.

सगळ्यात आधी लिव्हरजवळचा आणि खालचा, दोन्ही अ‍ॅडजस्टर, म्हणजे वायर सैल-घट्ट करायचे स्क्रू, त्यांना धरून ठेवणारा लॉकनट सोडून पूर्ण आत फिरवा, म्हणजे वायर सैल होते. हे आधीच करायचं, वायर जोडून झाल्यावर नाही. मग इंजिनवर वायर ज्या आर्मला अडकवलेली असते तो आर्म, वायर जिकडे ओढते त्या बाजूला हाताने ढकलून धरा, सोबत कोणी असेल तर त्याला धरायला सांगा, म्हणजे वर तारेचं टोक आऊटरमधून जास्त बाहेर येतं. टोकाच्या विस्कटलेल्या तारा पक्कडीने मूळ पीळ आहे त्याच दिशेने पिळून घ्या, ज्या अगदीच तुटून वाकड्या झाल्यात त्या तोडून टाका, कारण विस्कटलेल्या टोकावर स्क्रू नीट बसत नाही. तार निपलमधून ओवा, स्क्रू जोर लावून आवळा आणि तार उरली असेल तर मागे वाकवून ठेवा. मग लिव्हरमध्ये बसवून आठ दहा वेळा क्लच दाबा आणि स्क्रू परत आवळा. दाबल्यावर तारेचे पदर आत बसतात आणि स्क्रू ढिला पडतो, हे लोक हमखास विसरतात आणि मग पुढच्याच सिग्नलला वायर परत हातात येते.

आता ज्याच्यासाठी कागद काढला ते.

तुटून आणि कापून तार थोडी आखूड झालेली असते. ती कशीबशी ओढून बसवली की लिव्हर एकदम कडक होते, हाताला छान वाटतं, थोडं दाबलं की क्लच सुटतो, आणि वाटतं वा काय मस्त काम झालं. इथेच प्लेटा जळायला लागतात. क्लचच्या आत स्प्रिंगा असतात, त्या प्लेटांना एकमेकींवर दाबून धरतात म्हणून इंजिनची ताकद चाकापर्यंत जाते. वायर ताणलेली असेल तर तुम्ही लिव्हरला हात न लावताही ती आतून थोडा क्लच दाबूनच ठेवते, म्हणजे गाडी सगळा रस्ता हाफ क्लचवर पळतेय. प्लेटा घसरतात, तापतात, जळका वास येतो, इंजिन नुसतं रेस होतं आणि गाडी उचलत नाही. अशी गाडी उघडली की आतल्या स्टीलच्या प्लेटांवर निळे डाग दिसतात, ते तापल्याचे डाग. ऑईल पण काळं आणि जळकं झालेलं असतं. मग ऑईल काढा, साईड कव्हर उघडा, जुनं गॅस्केट खरवडा, नवीन प्लेटा ऑईलमध्ये भिजत ठेवा. वायर बदलायचं काम चहा होईपर्यंत झालं असतं, त्याच्याऐवजी गाडी दुसऱ्या दिवशी मिळते, आणि हा वेळ आमचाही जातो.

म्हणून लिव्हर ढिली ठेवा. एरवी बहुतेक गाड्यांना लिव्हरच्या टोकाला १० ते १५ मिमी मोकळी हालचाल असते, म्हणजे एवढं दाबेपर्यंत हाताला काहीच जोर लागत नाही. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. तात्पुरत्या जोडणीत त्याहून थोडी जास्तच ठेवा. मग गिअर टाकताना खट्ट आवाज येईल, उभं असताना न्यूट्रल पटकन सापडणार नाही, क्लच दाबलेला असतानाही गाडी किंचित पुढे ओढेल, चालेल, एक दिवस एवढं सहन करा. गाडी थांबायच्या आधी, चालत असतानाच न्यूट्रल करून घ्यायची आणि सिग्नलला क्लच दाबून उभं राहायचं नाही, त्याने स्क्रूवर ताण येतो. अजून एक, हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून दोन्ही बाजूला लिव्हर ढिली राहते का ते बघा. सरळ हँडलला ढिली असते आणि वळवलं की वायर ताणली जाते असं पुष्कळदा होतं, आणि हे कोणीच तपासत नाही.

सगळं करूनही तार आखूडच पडत असेल तर आऊटरचं टोक सेंटीमीटरभर कापा. आऊटर आखूड झाला की आतली तार तेवढी जास्त मिळते, आणि ती वायर तशीही फेकायचीच आहे. कापायला काही नसेल तर वायर सोडून द्या आणि बिनक्लच या. ताणलेल्या क्लचवर येण्यापेक्षा बिनक्लच येणं प्लेटांसाठी कधीही बरं.

बिनक्लच यायचं म्हणजे काय तर गाडी न्यूट्रलमध्ये चालू करायची, ढकलत थोडा वेग घ्यायचा, उतार असेल तर उत्तमच, आणि बसून हळूच पहिला टाकायचा. झटका बसतो, घाबरू नका पण तयार राहा. ढकलता येत नसेल तर पहिल्या गिअरमध्ये ठेवून सेल्फ मारूनही बऱ्याच गाड्या उचलतात, क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागत नसेल तर नुसती लिव्हर दाबून धरा, बटण लिव्हरवर असतं त्याला वायर तुटलेली कळत नाही. सेल्फ मारायच्या क्षणी गाडी पुढे उडी घेते, तेव्हा समोर माणूस, गाडी, भिंत काही नको, आणि सारखं सारखं करू नका, सेल्फवर आणि बॅटरीवर लोड येतो. पुढचे गिअर टाकताना पायाने गिअरवर हलका दाब ठेवायचा आणि अ‍ॅक्सिलेटर क्षणभर सोडायचा, गिअर आपोआप पडतो. कमी करताना वेग पुरेसा उतरल्यावरच. ट्रॅफिकचा आणि चढाचा रस्ता टाळा, थोडं लांबून आलात तरी चालेल. हे जमेल असं वाटत नसेल तर नका करू, गाडी कडेला लावा आणि फोन करा, त्यात कमीपणा काही नाही.

पुढच्या ब्रेकची वायर तुटली तर मात्र यातलं काही म्हणजे काही करायचं नाही. क्लचची निपल निसटली तर फार तर गाडी बंद पडते, ब्रेकची निसटली तर गाडी थांबत नाही.

आता तुमचे नेहमीचे दोन प्रश्न. नुसती आतली तार बदला ना, पूर्ण वायर कशाला? कारण तार जिथे वळते तिथे आऊटर आतून घासलेला असतो, जुन्या आऊटरमध्ये नवी तार घातली की लिव्हर जड लागते आणि ती तारही लवकर तुटते, मग तुम्ही म्हणणार गॅरेजवाल्याने डुप्लिकेट माल टाकला. दुसरा प्रश्न, निपल वेल्डिंग करून चालेल का? वेल्डिंगच्या उष्णतेने तारेचा कस जातो आणि ती जोडाच्या शेजारीच परत तुटते. आम्ही करून देत नाही, कितीही आग्रह केलात तरी.

वायर मुळात तुटते का तर निपल लिव्हरच्या खाचेत कोरडी पडते म्हणून. लिव्हर दाबली की निपलने खाचेत थोडं फिरायला हवं, ती नाही फिरली की प्रत्येक दाबाला तार मानेपाशी वाकते, आणि एक एक पदर तुटत जातो. तुटायच्या आधी वायर सांगते पण, लिव्हर अचानक ढिली होते, दाबताना आत खरखर लागते, निपलजवळ एखादी बारीक तार बाहेर आलेली दिसते. असं दिसलं की अ‍ॅडजस्टर आवळून वेळ मारून नेऊ नका. सर्व्हिसिंगला आम्ही लिव्हर काढून निपलला ग्रीस लावतो, दोन मिनिटांचं काम आहे पण बिलात वेगळं दिसत नाही म्हणून कोणाला माहीत नसतं, इथे सांगून ठेवतो.

लांबच्या प्रवासाला जाणाऱ्यांनी एक करावं, नवी वायर दोन्ही टोकांना टेप गुंडाळून जुनीच्या शेजारून टाकून ठेवावी. तुटली तर वरचं खालचं टोक बदलायचं, टाकी काढायला नको की रूट शोधायला नको. सर्व्हिसिंगला गाडी द्याल तेव्हा सांगा, आम्ही टाकून देतो, वायर तेवढी घ्यावी लागेल, टाकायचे पैसे नाहीत. स्क्रूवाल्या निपल काउंटरवर असतात, एक डिकीत टाकून ठेवा.

नवी वायर टाकली की पहिल्या काही दिवसांत ती बसते आणि लिव्हर थोडी ढिली होते. ते घरी आवळू नका, येऊन दाखवून जा, अ‍ॅडजस्ट फुकट करून देऊ. आणि येताना तुटलेली वायर फेकू नका, सोबत आणा, विशेषतः हँडल बदललेलं असेल तर, कारण उंच हँडलला कंपनीची वायर आखूड पडते आणि जुनी समोर असली की लांबी लगेच मोजता येते.