बिअरचा वास बिघडतो तो उजेडाने

फिरणारा समज असा: पारदर्शक बाटलीतली मेक्सिकन बिअर एकदा थंड केली की थंडच ठेवायची, मध्ये कोमट झाली तर नासते, उग्र वास मारते.

वास खरा आहे, कारण वेगळं. हॉप्स म्हणजे बिअरमध्ये घालतात ती फुलं; त्यांतल्या कडवटपणा देणाऱ्या घटकांवर ऊन पडलं की ते तुटतात आणि थायॉल नावाचं गंधकयुक्त संयुग बनतं. स्कंक या प्राण्याच्या फवाऱ्यासारखा वास तो हाच. तपकिरी काच घातक निळा-अतिनील प्रकाश बराचसा अडवते, हिरवी थोडाच, पारदर्शक जवळपास नाहीच. कॅनमध्ये हा प्रश्नच नाही. काही ब्रुअरी (बिअर बनवणारे कारखाने) उजेडात न तुटणारा हॉप्सचा अर्क वापरतात. त्यांची बिअर पारदर्शक बाटलीतही टिकते.

पडताळा घरी घेता येतो. एकाच खोक्यातल्या तीन पारदर्शक बाटल्या घ्या, दोन फॉइलमध्ये नीट गुंडाळा. गुंडाळलेल्यांपैकी एक दोनदा फ्रिजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, दुसरी फ्रिजमध्येच राहू दे. न गुंडाळलेली बाटली तासभर उन्हात ठेवा. मग तिन्ही सारख्याच थंड करून, ग्लासात ओतून हुंगा. लिंबू मात्र पिळू नका, त्याच्या सुवासात हा वास दबतो (बाटलीच्या तोंडात फोड खोचण्याचा तेवढा फायदा आहेच). बहुतेक वेळा उन्हातलीच ओळखू येते.

उष्णता निरुपद्रवी नाही. आठवडेच्या आठवडे गरम गोदामात पडलेली बिअर शिळी होते, पण तिला ओल्या पुठ्ठ्याची चव येते.