प्रोटीन कायनेज आणि कॅन्सरची औषधं

प्रोटीन कायनेज म्हणजे पेशीतली अशी एन्झाइम्स जी एटीपी या पेशीच्या ऊर्जा देणाऱ्या रेणूमधला एक फॉस्फेट काढून दुसऱ्या प्रोटीनवर चिकटवतात. काम बास एवढंच, पण त्या एका फॉस्फेटने समोरच्या प्रोटीनचा आकार बदलतो आणि ते चालू होतं किंवा बंद पडतं. फॉस्फेट काढून टाकायला वेगळी एन्झाइम्स असतात, त्यांना फॉस्फटेज म्हणतात. ही लावाकाढीची भानगड एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी 1950 च्या दशकात स्नायूंवर काम करताना शोधली, नोबेल मिळायला मात्र 1992 उजाडलं. माणसात असे कायनेज 500 च्या वर आहेत (2002 च्या मोजणीत 518).

पेशीने वाढायचं कधी आणि थांबायचं कधी हा निरोप बऱ्याचदा कायनेजमार्फतच जातो. आता टाकी भरली तरी मोटर बंदच होत नाही असं झालं तर काय होईल, तसं म्युटेशनमुळे (म्हणजे जीनमधल्या बदलामुळे) एखादा कायनेज कायमचा चालूच राहिला की पेशी वाढतच सुटते. याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे सीएमएल (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया) हा रक्ताचा कॅन्सर. 1960 मध्ये फिलाडेल्फियात या पेशंट्सच्या पेशींत एक क्रोमोसोम विचित्र आखूड दिसला, मग 1973 मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं की 9 आणि 22 नंबरच्या क्रोमोसोमनी आपापले तुकडे अदलाबदल केलेत. त्या जोडाच्या जागी बीसीआर आणि एबीएल हे दोन जीन एकमेकांना चिकटतात आणि जो जोड-कायनेज तयार होतो तो थांबायचं नावच घेत नाही.

मग त्या कायनेजचा एटीपी बसायचा खळगाच बुजवला तर? कल्पना सोपी वाटते पण तेव्हा बरेच जण म्हणत होते की हे जमणार नाही, कारण तो खळगा सगळ्याच कायनेजमध्ये जवळपास सारखा, एकाला अडवायला जाल तर शंभर बंद पडतील. स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या सिबा-गायगी कंपनीत (पुढे ती नोव्हार्टिसमध्ये विलीन झाली) निकोलस लायडन यांच्या टीमने आणि ओरेगनमध्ये ब्रायन ड्रकर यांनी तरीही हा खळगा अडवणारं इमॅटिनिब हे औषध पुढे रेटलं. 1998 मध्ये पेशंट्सवर चाचणी सुरू झाली, आजार सुरुवातीच्या टप्प्यात असलेल्या आणि रोज 300 मिलिग्रॅम किंवा जास्त डोस घेणाऱ्या 54 जणांपैकी 53 जणांचे ब्लड काउंट नॉर्मलला आले आणि मे 2001 मध्ये अमेरिकेत मंजुरीही मिळाली. गंमत अशी की चालू अवस्थेत सगळे कायनेज सारखे दिसतात पण बंद अवस्थेत प्रत्येकाची ठेवण वेगळी, आणि इमॅटिनिब एबीएलला नेमकं त्या बंद आकारातच पकडून ठेवतं.

पण कॅन्सर पण वस्ताद. एबीएलमधल्या 315 नंबरच्या जागेवर थ्रिओनिन हा अमिनो आम्ल असतो आणि इमॅटिनिब त्याला हायड्रोजन बंधाने धरतं, तिथे म्युटेशन होऊन आयसोल्यूसिन हा दुसरा अमिनो आम्ल आला की धरायला काही उरत नाही, वर तो आडदांड असल्यामुळे गोळी आत शिरतच नाही. त्यासाठी पुढे पोनॅटिनिब आलं, आणि नंतर असिमिनिब, जे एटीपीच्या खळग्याकडे जातच नाही, दुसरीकडेच बसतं. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर कायनेजचं हेच झालं, गेफिटिनिब चालेनासं झालं की ऑसिमर्टिनिब. गेफिटिनिब आधी सरसकट दिलं जायचं आणि थोड्यांनाच गुण यायचा, का ते 2004 मध्ये कळलं, ज्यांच्या ईजीएफआरमध्ये ठरावीक म्युटेशन आहे त्यांनाच ते नीट लागू पडतं. म्हणून आता आधी टेस्ट, मग गोळी.

माझ्या मते सीएमएलच्या यशाने लोकांच्या अपेक्षा जरा जास्तच वाढवल्या. तिथे दोषी मुळात एकच, बाकी ट्यूमरमध्ये एक रस्ता अडवला की दुसरा उघडतो. बीरॅफ या दुसऱ्या एका कायनेजचं तेच म्युटेशन मेलानोमात (त्वचेच्या कॅन्सरमध्ये) असेल तर वेमुराफेनिब या गोळीने गाठी आक्रसतात, आतड्याच्या कॅन्सरमध्ये मात्र एकट्या त्या गोळीने फारसं काही होत नाही कारण ईजीएफआर मागच्या दाराने काम परत चालू करतो.

किमतीचं प्रकरण आपल्याकडे चांगलंच गाजलं. इमॅटिनिबच्या स्फटिकरूपाचं पेटंट सुप्रीम कोर्टाने 1 एप्रिल 2013 ला नाकारलं. त्याआधी मार्च 2012 मध्ये मुंबईच्या पेटंट ऑफिसने सोराफेनिब (किडनी आणि लिव्हरच्या कॅन्सरवरचं कायनेज-औषध) बनवायचं सक्तीचं लायसन्स (पेटंटवाल्याच्या संमतीशिवायचं) नॅटको या भारतीय कंपनीला दिलं, महिन्याला 2 लाख 80 हजारांचं औषध 8,880 रुपयांवर आलं आणि 2014 मध्ये मुंबई हायकोर्टानेही ते कायम ठेवलं.

या गोळ्या केमोपेक्षा सुसह्य असल्या तरी त्रास असतोच, इमॅटिनिबने डोळ्यांभोवती सूज आणि पायात गोळे येतात, ईजीएफआरच्या गोळ्यांनी तोंडावर मुरमांसारखं पुरळ. इमॅटिनिब जन्मभर घ्यायचं असं आधी धरून चालायचे. मग फ्रान्समधल्या अभ्यासात दोन वर्षं किंवा जास्त काळ टेस्टमध्ये आजाराचा मागमूस नसलेल्यांची गोळी थांबवून बघितली, वर्षभराने साधारण 40 टक्के लोक गोळीशिवाय ठीक होते, आणि ज्यांचा आजार परतला त्यांना तीच गोळी पुन्हा लागू पडली.