उगवण खोली (हायड्रोपोनिक शेती)

हायड्रोपोनिक म्हणजे मातीविना, खत मिसळलेल्या पाण्यावरची शेती; तिच्यातली उगवण खोली म्हणजे पेरलेले बी रुजेपर्यंत ट्रे ठेवण्याची बंदिस्त, तापमान व आर्द्रता ताब्यात असलेली खोली. रोप वाढवण्याची जागा वेगळी, ती रोपवाटिका. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या सीमाभागात भात, तंबाखू, मिरचीचा तरवा उघड्या वाफ्यात टाकण्याची रीत जुनी आहे. गोव्याच्या बाजारासाठी दर आठवड्याला सारख्या वाढीचे लेट्यूस (सॅलडची पालेभाजी) द्यायचे असेल, तर मात्र सगळे बी एकाच दिवशी फुटावे लागते, आणि ते उघड्या वाफ्यात साधत नाही.

आकार गरजेवरून ठरतो. पॉलिहाऊसमध्ये रोपे बसवण्याची १०,००० छिद्रे असून पीक त्यात ५ आठवडे राहत असेल, तर आठवड्याला २,००० रोपे लागतात. तूट धरून २,३०० बिया, म्हणजे ९८ कप्प्यांचे २४ ट्रे. ४ बाय २ फुटांच्या एका फळीवर ४ ट्रे मावतात. ५ फळ्यांच्या रॅकवर २० ट्रे बसतात. उगवणीचा मुक्काम दोन-तीन दिवसांचाच असल्याने दोन रॅक पुरतात. रोपवाटिकेत तेच ट्रे दोन आठवडे राहतात, तेव्हा तिथे दुप्पट जागा हवी. दोन्ही कामे एकाच खोलीत उरकली की ओलावा एकाला कमी पडतो आणि दुसऱ्याला जास्त होतो.

१० बाय १० फुटांची खोली ६० मिलिमीटर पफ पॅनेलची (उष्णता अडवणाऱ्या फोमच्या तक्त्यांची) किंवा आतून थर्माकोल लावलेली विटांची असावी. जमीन धुता येणारी, उतार मोरीकडे. १ टनाचा इन्व्हर्टर एसी पुरतो, पण एसी हवा कोरडी करतो. म्हणून ट्रेवर झाकण आणि खोलीत ह्युमिडिफायर (हवा ओली करणारे यंत्र) लागतोच. त्यात बोअरचे जड पाणी घातले तर ट्रेवर, दिव्यांवर पांढरी भुकटी बसते. आरओचे किंवा छपरावरून साठवलेले पावसाचे पाणी वापरावे. अथणी-रायबागकडच्या क्षारयुक्त पाण्यावर बी भिजवण्याआधी ईसी (पाण्यातल्या क्षारांचे माप) मोजलाच पाहिजे; ०.४ मिलिसिमेन्स प्रति सेंमीच्या वर असेल तर ते उगवणीला नको.

तापमापक भिंतीवर लावणे ही सर्वात महागात पडणारी चूक आहे. वरची फळी खालच्यापेक्षा तीन-चार अंशांनी गरम असू शकते, म्हणून तो ट्रेच्या उंचीला, झाकणाखाली ठेवावा आणि हवा फिरवायला छोटा पंखा चालू ठेवावा. लेट्यूसला १८ ते २० अंश सेल्सिअस लागतात. टोमॅटो व ढब्बू मिरचीला २५ ते २८. ही पिके एका वेळी एका खोलीत रुजवता येत नाहीत. लेट्यूसचे ओले बी २८ अंशांच्या वर राहिले की अनेक जातींचे बी झोपी जाते, आणि नंतर खोली गार केली तरी पुष्कळदा उठत नाही. सुमारे ७५० मीटर उंचीवरच्या बेळगावात हिवाळ्यात एसीची फारशी गरज नसते, पण एप्रिल-मेमध्ये वळवाच्या पावसात वीज जाते तेव्हा पेरणी वाया जाते. निदान या दोन महिन्यांत जनरेटर हवा. तो नसेल तर प्राइम केलेले, म्हणजे आधी भिजवून पुन्हा वाळवलेले बी घ्यावे. ते जास्त उष्णता सोसते, पण लवकर जुने होते. उघडलेले पाकीट सिलिका जेलसह हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये ठेवावे.

ट्रेत भरायचे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) धुऊन, क्षार काढून, पिळल्यावर एखाद-दुसरा थेंब पडेल इतके ओले करावे. (पाणी वाहत्या नळ्यांच्या पद्धतीत कोकोपीटचे कण गाळण्या तुंबवतात, तिथे रॉकवूलचे (दगडापासून केलेल्या लोकरीचे) ठोकळे ५.५ सामूच्या (पीएच) पाण्यात भिजवून वापरणे बरे.) कप्प्यात एक बी, लेट्यूस जवळजवळ उघडेच, कारण त्याला उजेड मिळाला तर उगवण सुधारते. आर्द्रता ९० ते ९५ टक्के. ३६ तासांनंतर दर ६ तासांनी ट्रे पाहावेत आणि निम्मे कोंब दिसताच बाहेर काढावेत. एक रात्र उशीर झाला तरी रोपे लांबुडकी होतात आणि ती पुढे सुधारत नाहीत. रोपवाटिकेत दिवसाला १६ तास एलईडी, दर चौरस मीटरला सेकंदाला १५० ते २०० मायक्रोमोल उजेड. खत मिसळलेले पाणी खालून, ईसी ०.८ पासून १.२ पर्यंत.

खानापूरच्या बाजूला पावसाळ्यात बाहेरची हवाच ओली असते. तिथे रोपवाटिकेत ओलावा खेचणारे यंत्र नसेल तर पिथियम या बुरशीसारख्या रोगजंतूमुळे रोपे बुडाशी कुजून कोलमडतात, शेवाळावर काळी चिलटे वाढतात. ट्रे दर फेरीनंतर सोडियम हायपोक्लोराइटने धुऊन उन्हात वाळवावेत. निपाणी भागात आणखी एक काळजी घ्यावी लागते: तंबाखू किंवा विडी हाताळलेल्या हातांनी तंबाखू मोझॅक विषाणू टोमॅटो-मिरचीच्या रोपांवर जातो. त्यामुळे खोलीच्या दाराशीच साबण आणि नळ असावा, आणि आत तंबाखूला पूर्ण बंदी.