पिशवीत रक्त काढणं आणि मशीनने लाल पेशी काढणं

ठाण्यात गणपतीच्या मंडपातल्या शिबिरात एकदा तरी रक्त दिलेल्या माणसाला फ्लेबोटॉमी, म्हणजे सुईने रक्त काढणं, समजावायला नको. एक सुई, 350 किंवा 450 मिलीची पिशवी, मग चहा-बिस्किट. उपचार म्हणून रक्त काढतात तेव्हाही हेच. फरक एवढाच की ते रक्त आजार कमी करायला काढलेलं असतं.

गोंधळ मशीनपाशी होतो. "बाबांचं रक्त मशीनने शुद्ध करून परत दिलं" हे वाक्य ऐकून ऐकून मी थकलोय. शुद्ध काही होत नाही, हे डायलिसिस नव्हे. मशीन रक्त गरगर फिरवतं. लाल पेशी सगळ्यात जड, त्या बाहेरच्या कडेला जातात आणि तिथून पिशवीत. त्या परत येत नाहीत. परत येतो तो प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, आणि प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी.

आता हिशेब बघा. पॉलिसायथेमियाच्या, म्हणजे लाल पेशी फार वाढण्याच्या आजाराच्या, रुग्णाचा हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा टक्का, 60 असेल, तर 450 मिली रक्तात लाल पेशी साधारण 270 मिली. उरलेला 180 मिली बहुतेक प्लाझ्मा. त्याचा काहीच दोष नसताना तोही जातो. मशीन तो शरीरातच ठेवतं, कमी पडलेली जागा सलाईनने भरतं. म्हणून एका बैठकीत दोन-तीन पिशव्यांइतक्या पेशी काढल्या तरी बीपी सहसा सांभाळलं जातं.

पण प्लेटलेट्स परत येतात, हे विसरू नका! त्या आधीच वाढलेल्या असतील तर वाढलेल्याच राहतात. "मशीन झालं" म्हणून हायड्रॉक्सियुरियाच्या, म्हणजे वाढलेल्या रक्तपेशी कमी करणाऱ्या, गोळ्या आपल्या मनाने बंद करणारे भेटतात, तेव्हा जीव कासावीस होतो.

सिकलसेलमध्ये, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याच्या आजारात, रुग्णाच्या पेशी मशीनने काढून दात्याच्या पेशी भरतात. ती अदलाबदल, वेगळा विषय.

माझं मत विचाराल तर, हिमॅटोक्रिट 45 च्या आत राखण्यासाठी अधूनमधून रक्त काढायचं असेल तर साधी पिशवी बरी. मशीनला बहुधा दोन्ही हातांत सुया लागतात, खर्चही जास्त. रक्त फार दाट झालंय, घाई आहे, तेव्हा मशीनच.

आणि मशीनवर असताना ओठांना मुंग्या आल्या तर गप्प बसू नका. रक्त गोठू नये म्हणून घातलेलं सिट्रेट कॅल्शियमला धरून ठेवतं, त्याने ते होतं. टेक्निशियनला सांगा. तो वेग कमी करतो, गरज पडली तर कॅल्शियम देतात.