आजीच्या पोटात असताना लागलेलं आणि पिढीजात आलेलं, हे एकच नाही

"आजीने दुष्काळात उपाशी दिवस काढले म्हणून नातवाला शुगर" अशा टाइपचं हल्ली बरंच वाचायला मिळतं आणि त्यावर लोक लगेच "हो, आमच्या घराण्यातच आहे ते" असं म्हणून मोकळे होतात. इथेच गल्लत होते. आजीवर जे गुदरलं ते नातवापर्यंत थेट पोचणं ही एक गोष्ट, आणि ज्यांना त्याची झळसुद्धा लागली नाही अशा पुढच्या पिढ्यांतही ते उतरत जाणं ही दुसरी. पहिलीचे पुरावे चांगले आहेत, दुसरीचे माणसांत अजून फार कच्चे आहेत.

आधी थेट पोचण्याचं बघू, कारण ते बऱ्याच जणांना माहीतच नसतं. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची सगळी स्त्रीबीजं तयार होतात, पाचव्या महिन्याच्या आसपास साठ-सत्तर लाख असतात, जन्मापर्यंत त्यातली दहा-वीस लाख उरतात आणि त्यानंतर नवीन बनत नाहीत असंच आजवर मानलं जातं. म्हणजे तुमच्या आईची आई सात महिन्यांची गरोदर होती तेव्हा तिच्या पोटात तुमची आई होती, आणि आईच्या इवल्याशा अंडाशयात ते बीजही होतं ज्यातून पुढे तुम्ही झालात! तीन पिढ्या एकाच शरीरात. १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणारी, सुकडी आणि मिलोच्या भाकरीवर दिवस काढणारी बाई गरोदर असेल आणि पोटात मुलगी असेल, तर ती उपासमार एकट्या तिची नव्हती. तिची मिश्री, चुलीचा धूर, अंगात नसलेलं रक्त, सगळ्याचं तसंच.

याचं सगळ्यात वाईट उदाहरण अमेरिकेतलं आहे. गर्भपात होऊ नये म्हणून तिथे १९४० च्या दशकापासून गरोदर बायकांना डीईएस नावाचं कृत्रिम हार्मोन द्यायचे. १९५३ मध्येच एका मोठ्या चाचणीत दिसलं की त्याचा काही उपयोग होत नाही, तरी देत राहिले. मग १९७१ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी ८ तरुण पोरींची माहिती छापली, त्या वयात जवळजवळ न होणारा योनीमार्गाचा कॅन्सर त्यांना झाला होता आणि ८ पैकी ७ जणींच्या आयांनी पोटुशी असताना हे औषध घेतलं होतं. अशा मुलींमध्ये पुढे वंध्यत्व आणि दिवस भरण्याआधी बाळंतपण हेही जास्त दिसलं, आणि त्यांच्या मुली म्हणजे मूळ बाईच्या नाती, त्यांच्यात पाळी अनियमित असण्याचं प्रमाण जास्त निघालं. नातींनी ते औषध कधी बघितलंही नव्हतं, पण त्यांचं बीज तेव्हा तिथे होतं.

कॅलिफोर्नियात ओकलंड भागातल्या ज्या बायका १९५९ ते १९६७ दरम्यान गरोदर होत्या त्यांचं रक्त जपून ठेवलेलं होतं, ते तपासून २०२१ मध्ये कळलं की ज्या आज्यांच्या रक्तात डीडीटी हे कीटकनाशक जास्त त्यांच्या नातींमध्ये लठ्ठपणा जास्त आणि पाळीही लवकर. आपल्याकडे १९५३ पासून मलेरियासाठी घराघरात भिंतींवर डीडीटी मारायचे, त्यामुळे हे वाचून मला तरी धडकी भरली.

आता पिढीजात. डीएनए हा सातबारा धरा. जमीन तीच राहते, पण इतर हक्कात बोजा चढतो तशा डीएनएवर रासायनिक खुणा चढतात आणि कुठलं जीन किती चालायचं ते त्या ठरवतात. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्न अडवलं, माणशी रेशन १००० कॅलरीच्याही खाली गेलं, तेव्हा नुकत्याच पोटात राहिलेल्या लोकांमध्ये साठ वर्षांनी अशा खुणा त्यांच्याच सख्ख्या भावंडांपेक्षा वेगळ्या सापडल्या. पण हे त्या लोकांचं स्वतःचं झालं, ते स्वतः त्या पोटात होते. पुढे काय? बीज तयार होताना आणि परत गर्भ राहिल्यावर अशा दोन वेळा यातल्या बहुतेक खुणा पुसल्या जातात. त्या हिवाळ्यातल्या नातवंडांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत, एका अभ्यासात उपाशी आयांच्या मुलींची बाळं गुबगुबीत निघाली तर दुसऱ्यात मुलांकडची नातवंडं मोठेपणी वजनदार, मुलींकडची नाही.

त्यामुळे हिशोब असा लावायचा. गरोदर बाईला काही लागलं तर ती, तिचं बाळ आणि बाळाच्या अंगातलं बीज तिघांनाही लागलं, म्हणजे नातवंडापर्यंत थेट संपर्कच आहे. खरोखर पिढीजात म्हणायचं तर पणतवंडात दिसायला हवं. गरोदर नसताना आजीने जे भोगलं त्याचा हिशोब वेगळा, तेव्हा नातवंडाचं बीज तयारच झालेलं नसतं, म्हणून तिथे नातवंडाचा पुरावाही मोठा ठरतो. स्वीडनच्या ओव्हरकालिक्स भागात तसंच झालं, वडिलांकडच्या आजीला लहानपणी मिळालेल्या अन्नाचा नातींच्या आयुष्यमानाशी संबंध दिसला, पण २०१८ मध्ये स्वीडनमधल्याच उप्सालाच्या कितीतरी मोठ्या अभ्यासात तो आजोबा आणि नातू एवढाच दिसला, आजीचा नाही.

पुण्यातलं एक काम यात महत्त्वाचं आहे. तिथे उंदरांना ५० पिढ्या अर्धपोटी ठेवलं, मग दोन पिढ्या पोटभर खायला दिलं, तरी डायबेटीसकडे झुकलेलं शरीर सुधारलं नाही. पण दोन पिढ्या म्हणजे वरच्या हिशोबाने अजून आजीच्या आवाक्यातच, आणि शिवाय ते उंदीर.

हा फरक मला एवढा महत्त्वाचा वाटतो कारण "घराण्यातच आहे" म्हटलं की माणूस हात टेकतो आणि "आजीमुळे झालं" म्हटलं की दोष जातो त्या बाईवर, जी घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खायची. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांत बघतायत की आपली बाळं वजनाला कमी पण अंगात चरबी जास्त अशी जन्मतात, आणि आईत बी-१२ कमी असण्याचाही मुलाच्या पुढच्या तब्येतीशी संबंध दिसला. मग २०१२ पासून त्यांनी त्याच अभ्यासातल्या वयात आलेल्या मुलामुलींना, लग्नाच्या कितीतरी आधी, रोज थोडं बी-१२ द्यायला सुरुवात केली आणि पुढे त्यांना झालेल्या बाळांची तपासणी केली.